तिघांचा फोटो

पिंपळवंडीच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी उठून काय बघायचं, तर कुणाच्या उसात बिबट्या दिसला, मंचरला कांद्याला काय बाजार निघाला, आणि गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं 'शुभ सकाळ'. निवृत्त मास्तराला वेळ भरपूर असतो आणि चीड त्याहून जास्त येते. त्या गुलाबांवर उतारा म्हणून मी एके दिवशी दादांचा एक जुना फोटो टाकला. मुंबईच्या गोदीतलं कोळशाचं इंजिन, मागे मालडब्यांची रांग, आणि रुळांवर सांडलेला गहू टिपणारी कबुतरं.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभा जन्म गोदीत पोती वाहिली. आमच्या भागातले पुष्कळ पुरुष तेव्हा तिथेच असत, गावच्या मालकीच्या एका खोलीत पंधरा-वीस जण वळकट्या टाकून राहत, आणि जत्रेला नि दिवाळीला गावी येत. दादांकडे एक कॅमेरा होता, एका परदेशी खलाशाकडून मिळालेला. कशाच्या बदल्यात, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या कॅमेऱ्याने काढलेले शे-दीडशे फोटो पत्र्याच्या पेटीत होते. बोटी, क्रेनी, इंजिनं, मालडबे. मागे पेन्सिलीने एवढंच, 'गहू आला' किंवा 'खताची बोट'. आमचा एकही नाही. आई म्हणायची, "बोटीसंगंच लगीन लावायचं व्हतं, माझ्या बापाचा खर्च तरी वाचला असता."

फोटोवर धडाधड अंगठे आले. "लई भारी मास्तर," "जुनं ते सोनं," "अजून येऊ द्या राव." आमच्या तालुक्यात अजून रूळ आलेला नाही. मी शाळेत जात होतो तेव्हापासून रेल्वे येणार, येणार चाललंय. मोजणी होते, खुणेचे दगड रोवतात, आणि पुढच्या वर्षी त्या दगडांच्या आडोशाला शेळ्या बसतात. त्यामुळे रेल्वेचा फोटो आमच्याकडे कौतुकाचाच. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. रोज सकाळी एक फोटो आणि त्याखाली पाच-सहा ओळी माहिती, असा परिपाठच सुरू केला.

महिनाभराने डेअरीवर दूध घालायला गेलो तर तिथे वरच्या आळीतल्या काकूंची नातसून भेटली. म्हणाली, "सर, आमच्या आजी तुमचा फोटो आल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत."

काकू आमच्या भावकीतल्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांचा नवरा दादांच्याच टोळीत होता आणि ऐन पंचविशीत गोदीत गेला. क्रेनच्या जाळीतून पोती सुटली, ती अंगावर. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, म्हणजे मला हे सगळं ऐकूनच माहीत. त्या वेळी मयत गावी आणायची सोय नव्हती. तिकडेच अग्नी दिला, आणि एक टॉवेल, एक टोपी नि पेटीची किल्ली गावी आली. काकू तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, कडेवर सहा महिन्यांचं पोर.

म्हातारपणी का होईना, बाईला बोटींची गोडी लागली म्हणून मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम भेटायला गेलो. काकू पडवीत खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर नातसुनेचा मोबाइल. त्या दिवसाचा माझा फोटो उघडलेला होता, एका मोठ्या मालबोटीचा. पण काकू बोट बघत नव्हत्या. दोन बोटांनी फोटो मोठा करून त्या कडेकडेने बघत होत्या. कठडा, शिडी, क्रेनच्या बुडाशी पडलेली सावली. एक कोपरा झाला की दुसरा.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्या बोटीवर मानसं नसत्यात का रं?"

मी हसून काहीतरी बोलणार होतो. पण त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हैना झाला, रोज हुडकती. कुठं कडंला तरी उभे असतील. पोतं घेऊन चाललं असतील. मला त्यांचं त्वांड आठवत नाय रं आता. चार वर्सांचा संसार, त्यातलं घरी किती दिस? मान खाली घालून भाकरी वाढायची, तवा कुठं नीट बघितलंय. डॉक्टरनं पोराला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला समजतंय. आता मला जायचंय. वर गेल्यावर त्यांना वळखायचं कसं?"

महिनाभर मी त्या बाईला रोज एक रिकामी बोट दाखवत होतो.

घरी आलो आणि पेटी काढलीच नाही. काढायची गरज नव्हती. पेटीत काय नाही ते मला पक्कं माहीत होतं.

पेटीत पूर्वी एकच फोटो माणसांचा होता. तिघे जण, मागे बोटीचं पुढचं टोक. डाव्या बाजूला दादा, उजवीकडे मंचरकडचे एक जोडीदार, आणि मध्ये काकूंचे यजमान. नव्या कॅमेऱ्याचा पहिलाच फोटो असावा, त्या खलाशानेच काढलेला. दहा-अकरा वर्षांपूर्वी दादा गेले, तेव्हा घरात एकच पळापळ झाली, की दशक्रियेला खुर्चीवर ठेवायला यांचा फोटोच नाही. जन्मभर फोटो काढणाऱ्या माणसाचा एक धड फोटो घरात नव्हता. शेवटी हा तिघांचा सापडला.

माझी आत्या, दादांची धाकटी बहीण, तो बघून दचकलीच. "तिघांचा फोटू? आरं, तिघांचा फोटू काढू न्हाई, मधला मरतो. आन् मेलाच की! इतकी वर्सं घरात ठिवला कुनी? तीन तिगाडा, काम बिगाडा. दादाला कापून घे, बाकीचं सावडायच्या दिवशी राखंसंगं नदीला सोड."

पस्तीस वर्षं मी वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर धडे दिले. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं तर त्याला उभं करून विचारायचो, मांजराला काय माहीत तू कुठे चाललास? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरात मयत झालेलं, आत्या रडत होती, मला वाद नको होता, हे सगळं खरं. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. मला फक्त दादा हवे होते. बाकीचे दोघे मला त्या वेळी अडचण वाटले. शिवणाच्या कात्रीने मी फोटो कापला, दादांचा तुकडा नारायणगावच्या स्टुडिओत मोठा करायला दिला, आणि उरलेली पट्टी तिसऱ्या दिवशी राखेबरोबर पाण्यात सोडली. निगेटिव्ह दादांनी कधी ठेवल्या नव्हत्या. ठेवल्या असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती.

तीन रात्री नीट झोप लागली नाही. काकूंकडे जायचं धाडस होईना. मग डोक्यात आलं, मंचरवाल्या जोडीदारालाही दादांनी एक प्रत दिली असेल. ते वारले असणार, पण घर असेल, मुलं असतील. आळेफाट्यावरून एसटी पकडली आणि मंचरला उतरलो. हायवेवर कांद्याच्या गाड्यांची ही रांग. विचारत विचारत दुपारी त्यांच्या मुलाच्या बटाट्याच्या वखारीत पोचलो. तो माझ्याच वयाचा. बापाचं नि गोदीचं नाव काढताच त्याने पोत्यावरचा धुरळा झटकून मला बसवलं.

"व्हता ना फोटो," तो म्हणाला. "तिघांचा. तिघांना तीन कॉप्या काढल्या व्हत्या, बाबा सांगायचं. पन पावणं, जुनं घर रस्त्यात गेलं. सामान दोन वर्सं पत्र्याच्या शेडात पडून व्हतं. वाळवीनं काय ठिवलं न्हाई."

तरी त्याने घरून चौकट मागवली. काचेला आतून मातीची नक्षी चिकटलेली होती आणि एका कोपऱ्यात फोटोतली तेवढीच उरलेली, तिघांपैकी कुणाची तरी एक चप्पल. मी ती चौकट उजेडात फिरवून फिरवून बघितली. चहा गार झाला.

मी निघताना तो सहज म्हणाला, "तुमचं वडील त्यो मधला गेल्यापासनं मानसावर कॅमेरा धरायचंच नाहीत म्हनं. बाबा एकदा म्हनलं, आमचा काढ की, तर उठून गेलं. फोटूनंच गेला, आसं त्यांनी धरलं व्हतं मनात."

एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण बाहेरचं काही दिसलं नाही. आम्ही भावंडं लहानपणी कॅमेऱ्यासमोर उभी राहायचो आणि दादा कॅमेरा पिशवीत घालायचे. रीळ संपलं, म्हणायचे. आम्हाला वाटायचं, बापाला आमचं प्रेम नाही. आईला तर शेवटपर्यंत तेच वाटलं, आणि ती तसंच समजून गेली. तिला आता सांगणार कोण? आम्हाला काही होऊ नये म्हणून हा माणूस जन्मभर बोटींचे फोटो काढत राहिला. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. शेजारच्या बाईने विचारलं, गाडी लागती का भाऊ? मी मान हलवली.

एक गोष्ट मात्र वाटेत लक्षात आली. तीन प्रती, तिघांना. मग काकूंची कुठे गेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंकडे गेलो. नातसून मळ्यात गेली होती, घरात दोघंच. मी काही न लपवता सांगितलं. आत्याचं, कात्रीचं, नदीचं, मंचरच्या वाळवीचं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एक मलाबी दिला व्हता तुझ्या बापानं," त्या म्हणाल्या. "सुतक फिटायच्या आदी येऊन. हातात दिला आन् तसाच माघारी फिरला. सासू म्हनली, ह्याच्यापायीच गेला माझा ल्योक. मी चुलीत घातला. ह्या हातानं. सगळा जळस्तवर बसले व्हते तितं."

त्यांनी बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडवलं.

"मी एकुनीस वर्सांची. शाळंचं त्वांड पायलं नाय कधी," काकू म्हणाल्या. "तू तर मास्तर व्हतास रं."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. पन्नाशी उलटलेला मास्तर आणि एकोणीस वर्षांची अडाणी विधवा, दोघांनी एकच काम केलं. तिचं तरी घर पेटलेलं होतं. मी कशासाठी केलं?

मग काकू खाटेवर थोड्या पुढे सरकल्या. तोंडावर एकदम वेगळाच भाव आला, बाजारातून आलेल्या माणसाच्या पिशवीकडे पोरं बघतात तसा.

"पर तू तर बघितलंय की! मला बघून साठ वर्सं झाली. तुला दहा-अकराच. हातात धरून कापलास म्हंजे त्वांड दिसलंच असंल. सांग ना. कसं दिसायचं?"

मला काय दिसलं होतं ते मला ठाऊक आहे. मला दादांच्या खांद्याची कड दिसली होती. कात्री त्या कडेने सरळ जावी, दादांचा कान तुटू नये, एवढ्यावरच माझे डोळे होते. मधल्या माणसाकडे मी बघितलंच नाही. पण हे त्या माणसाच्या बायकोला सांगायची माझी छाती झाली नाही. मी ठरवलं, खोटं तर खोटं, पण एक चेहरा तिच्याबरोबर जाऊ दे.

"उंचापुरा माणूस, काकू," मी म्हणालो. "चेहरा लांबट. नाक सरळ, टोकाला जरासं खाली आलेलं."

काकूंनी डोळे मिटून घेतले. "हं."

"टोपी थोडी तिरकी. भुवया जाड, मध्ये जुळलेल्या. आणि हसत नव्हते, पण आता हसतील असं वाटायचं. डाव्या गालावर बारीक खळी."

मला सुचत गेलं. मी हळूहळू, जपून सांगत होतो, आणि सांगताना मलाही तो माणूस समोर दिसायला लागला होता. काकूंचे ओठ हलत होते, बहुतेक एकेक शब्द पाठ करत होत्या. मग ते थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं, रागाने नाही.

"आरं बाळा," त्या म्हणाल्या, "ह्यो तर तुझा बाप झाला."