चिखली वगळून

बाळंतपणाची लांबलेली रजा संपवून मी लॅपटॉप उघडला, तेव्हा बराच वेळ वाटत राहिलं की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कामात शिरलोय. बातम्यांच्या नि रेसिपींच्या साइटवर मजकुराच्या आजूबाजूला चित्रांच्या चौकटी दिसतात ना, त्या जाहिराती लावणं हे माझं काम. बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी करते. पूर्वी कोणती जाहिरात कुठे झळकेल हे मी हातानं निवडायची आणि त्यात माझा हातखंडा होता. आता ते यंत्र ठरवत होतं. आपण फक्त चित्रं आणि चार ओळी द्यायच्या. लोक कशावर बोट लावतात ते बघून यंत्र आपलं आपण शिकत जातं. मी इकडे अंगाई म्हणत होते आणि तेवढ्यात हे शहाणं होऊन बसलं, याचा मला भयंकर राग आला.

पण माझ्या रागाला विचारतो कोण? या कामाला लागतं त्या सर्टिफिकेटची मुदतही संपली होती. पुण्याच्या मॅडम मनानं चांगल्या, पण बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, "परीक्षा पुन्हा द्या. मग महिनाभर एक जाहिरात चालवून दाखवा. जमलं तर तुम्ही आमच्याच आहात, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल." मांडीवर दात येणारी पोरगी आणि समोर परीक्षा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

त्या घोड्याचा लगाम माझ्या सासूबाईंनी धरला. मी त्यांना आईच म्हणते. उभी हयात अंगणवाडीत सेविका म्हणून गेलेली. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सकाळी पोरगी उचलायच्या आणि मला आतल्या खोलीत ढकलून दार ओढून घ्यायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, येत होतं तेच पुन्हा शिका लागून राह्यलं. लाज वाटते."

"लाजाचं काय आहे त्यात?" त्या म्हणाल्या. "आमालेबी दरसाली ट्रेनिंग राहे. आधीचं मोडे अन् नवं सांगत. शेवटी शेवटी तं मोबाइलात भरा लागे सगळं. शिकली ना मी? तू तं माह्याहून हुशार आहे."

हुशारीचं माहीत नाही, पण परीक्षा पास झाले. मग जाहिरात मिळाली ती घरगुती पिठाच्या गिरणीची, बुलडाणा आणि अकोला जिल्ह्यांत दाखवायची. पहिल्या दिवशी आईंनी आपल्या मोबाइलवर ती शोधून काढली आणि विचारलं, "मंग लोकाईनं काय करा लागते?" पोरगी रडत होती, माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं, "त्याच्यावर बोट लावा लागते, बस. जितके लावतीन तितकं चांगलं."

आठवडाभरात आकडे असे चढले की मी एकटीच खोलीत हसत होते. मग जरा निवांत बसून पाहिलं आणि हसू गेलं. सगळी बोटं चिखलीतली. अकोला थंड, जळगाव जामोद थंड, आणि चिखलीत मात्र गिरणीसाठी झुंबड. शिवाय माणूस गिरणीच्या पानावर येत होता आणि श्वास घ्यायच्या आत परत जात होता. यंत्रानं त्यावरून एवढंच शिकून घेतलं की चिखलीकरांना गिरणीचं वेड लागलंय, म्हणून ते जाहिराती सगळीकडून काढून इथेच ओतत होतं. दर बोटामागे पैसे मोजावे लागतात, तेव्हा कंपनीचे पैसे फुकट जात होते आणि त्याबरोबर माझी नोकरीही.

त्या संध्याकाळी आईंबरोबर वंदनेला गेलेल्या पोरीला आणायला बुद्धविहारात गेले. वंदना संपली होती. आवारात गल्लीतल्या बाया मोबाइल घेऊन बसलेल्या, आणि कडेवर माझी पोरगी घेऊन आई त्यांच्यामधून फिरत होत्या. "साइट उघडली का वं? आता गिरणीच्या फोटोवर बोट लाव. झालं? मांघं ये अन् परत लाव."

एकीनं विचारलं, "मावशी, गिरणी घ्या लागन काय?"

"घ्याची काई नाही. नुसती दाब. माह्या सुनेची नोकरी आहे."

पोलिओच्या डोसाला अख्खी गल्ली गोळा करणारी ही बाई. तिनं माझ्यासाठी गल्ली गोळा केली होती. मला रागही आला आणि रडूही आलं. मी पोरीला घेतलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं ना? मग तुम्हीच निस्तरा." मी चिखली आणि आसपासची गावं यादीतून वगळली. ज्या गावात बसून मी जाहिरात लावते, तिथे ती कुणालाच दिसणार नव्हती. आईंना मात्र सांगायचा धीर झाला नाही.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं. आई जाहिरातीचं नाव काढेनात. पातोडीची भाजी लागोपाठ दोनदा झाली, जी मला आवडते आणि त्यांना करायला कंटाळा येतो. महिना संपत आला तशी एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"नोकरी गेली ना तुह्यी?"

"नाही. काऊन?"

"तुह्यी गिरणी कोणाच्याच मोबाइलात दिसून नाही राह्यली. मी रोज पाह्यतो." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "गेली तं जाऊ दे, माय. पुन्हा शिकजो. पुन्हा लागन. पोरीले पाहाले मी आहे."

आता मात्र सांगावंच लागलं. मी सगळं सांगितलं आणि त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"म्हंजे पोराचं वजन खोटं लिवल्यावानी झालं," त्या म्हणाल्या. "कागदावर पोरगं धडधाकट, अन् घरी हाडाचा सापळा."

"हाव, आई."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटन म्हणून."

"वाटलं ना. पण ते सांगतल्याचं नाही, न सांगतल्याचं." त्या उठून गेल्या.

चिखली वगळल्यावर अकोल्याकडून खऱ्या चौकशा यायला लागल्या होत्या. महिन्याच्या शेवटी मॅडमचा फोन आला: तुम्ही आमच्याच आहात. मी आईंना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, पोरीला कडेवर घेतलं आणि विहाराकडे निघाल्या. अजून रागावल्यात असं वाटून मी मागोमाग गेले. आवाराच्या भिंतीपाशीच त्यांचा आवाज ऐकू आला.

"बंद करा आता मोबाइल. माह्या सुनेनं आख्ख्या चिखलीले बंद केलं," त्या बायांना सांगत होत्या. "मी सासू, तरी मलेबी नाही सोडलं तिनं."

असा अभिमान त्यांच्या आवाजात मी आधी कधी ऐकला नव्हता.