ऐकू दे त्याला

माझी मावसबहीण ॲट्रॅक्टा आयर्लंडमधल्या आमच्या लीट्रिम भागात शेवटच्या आजारातल्या माणसांची नर्स. बरं करणं तिच्या हातात नसायचं. दुखणं कमी करायचं, अंग पुसायचं, मागे राहिलेल्यांजवळ बसायचं. बोलायला फटकळ, पण तिची गाडी अंगणात आली की घरच्यांना धीर यायचा.

मल्व्ही भावांच्या घरात मात्र तिचं काही चाललं नाही.

मॅलकी आणि फिन्टन दोघेही सत्तरी ओलांडलेले, बिनलग्नाचे. एकाच टेबलावर जेवायचे, पण एकमेकांशी अवाक्षर नाही. त्यांची आई वेदनेने तळमळत गेली, त्या रात्री ‘सकाळी बघू’ म्हणून फिन्टनने डॉक्टरला बोलावू दिलं नव्हतं. तेव्हापासूनचा हा अबोला.

आता मॅलकीचा कॅन्सर हाडांत उतरला होता. ॲट्रॅक्टाने मॉर्फिनचं इंजेक्शन भरलं, तर त्याने हात पांघरुणात ओढून घेतला.

“नको.”

“अहो, इथे कोण पदक देणार आहे तुम्हाला?”

“आईला कुठे मिळालं होतं औषध? ऐकू दे त्याला.”

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात फिन्टन बसून होता.

डॉक्टर समजावून गेले, पाद्री समजावून गेले. शुद्धीतल्या माणसाला जबरदस्तीने सुई कोण टोचणार? शेवटी ॲट्रॅक्टाने फिन्टनलाच गळ घातली. तो दारापर्यंत आला, हातातली टोपी चुरगाळत उभा राहिला.

“घे की रे, मॅलकी. चुकलं माझं.”

मॅलकीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रविवारी दुपारी तो तसाच, कण्हत कण्हत गेला. ॲट्रॅक्टाने त्याला स्वच्छ केलं, पण आवळलेला जबडा काही सैल होईना. शेजारीपाजारी जमले, चहा झाला, व्हिस्की झाली. “शांतपणे गेला ना?” जो तो विचारी. ती “हो” म्हणे आणि फिन्टनकडे बघायचं टाळी.

पुढेही ती त्याच्याकडे जात राहिली. एकदा रेडिओ कानठळ्या बसतील असा लावलेला.

“जरा बारीक करू का?”

“नको, बाई. बारीक केला की तो कण्हायला लागतो.”

ॲट्रॅक्टाने रेडिओ तसाच वाजू दिला. नंतर त्याने दार उघडणंच बंद केलं. “येत जाऊ नका, सिस्टर,” आतून म्हणाला.

“काही करता आलं असतं का गं?” मी तिला विचारलं.

“नाही,” ती म्हणाली आणि गाडीत बसली. मोहिल गावात एक आजारी बाई तिची वाट बघत होती.