एक गोळी आणि दहा कप चहा

आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि खिदिरपूरच्या गोदीत त्यांची बदली झाली होती. त्याआधी पुण्यात आई प्राथमिक शाळेत शिकवायची. ती चालायला लागली की तिच्या बरोबरीनं राहायला मला जवळजवळ पळावं लागे. बोलणंही तसंच झपझप. बदलीमुळे तिची नोकरी सुटली, पण पहिल्या वर्षी तिनं ते जाणवू दिलं नाही. भाड्याच्या दोन खोल्या नीट लावल्या, मोडक्यातोडक्या बंगालीत भाजीवाल्याशी घासाघीस करायला शिकली आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंशी मैत्री केली. त्यांना आम्ही सगळे मासिमा, म्हणजे मावशी, म्हणायचो.

दुसऱ्या वर्षापासून आई मंदावत गेली. इतकी हळूहळू, की नेमकं कधी सुरू झालं ते घरात कुणालाच सांगता आलं नसतं. आधी ती दुपारी जरा पडायला लागली. मग ते पडणं चार-पाच वाजेपर्यंत लांबलं. वरणात मीठ राहून जायचं, नाहीतर दोनदा पडायचं. आवाज घोगरा झाला. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, केस विंचरले की फणी भरून केस निघत. आणि कलकत्त्याच्या उकाड्यात, आम्ही पंख्याखालून हलत नसू तेव्हा, आई पंखा बंद करायला लावायची. वैशाखात ती साडीवर लोकरीचा स्वेटर घालून बसायची.

जागं राहण्यासाठी तिनं चहाचा आधार घेतला. मासिमांनीच तसं सुचवलं होतं. "कलकत्त्याची हवा माणसाला सुस्त करते," त्या म्हणाल्या, "कडक चहा घेत जा, अंगात जोर येईल." जोर येतही असे, अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात आई पोळ्या लाटून घ्यायची. मग पुन्हा डोळे मिटायला लागले की पुन्हा आधण. सकाळ-संध्याकाळच्या दोन कपांचे पाच झाले, पाचाचे दहा. शेवटी शेवटी ती इतका काळा चहा करायची की त्यात दूध घातलं तरी रंग बदलायचा नाही.

बाबा स्वभावानं कठोर नव्हते. "नोकरी सुटली ना, त्यामुळे होतंय. मन कशात तरी गुंतव," एवढंच ते म्हणायचे. मी मात्र कठोर होते. शाळेतून आल्यावर भांडी, भाजी, दूध तापवणं माझ्याकडे आलं होतं आणि मला त्याचा राग होता. एकदा गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं करपलं, आणि आई तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली. मी तिला हलवून म्हटलं, "एवढं झोपतेस तरी कशी गं दिवसभर? लाज नाही वाटत?"

तिनं माझ्याकडे बघितलं. उत्तर द्यायलाही तिला वेळ लागला. "मलाच कळत नाही गं," ती म्हणाली आणि फडकं घेऊन गॅस पुसू लागली.

शाळेच्या बक्षीस समारंभाला ती आली नाही तेव्हा बाईंनी कारण विचारलं. आई आजारी आहे, असं मी ठोकून दिलं. आपण खोटं बोललो असंच तेव्हा मला वाटत होतं.

मी सोळा वर्षांची असताना मला जोराचा ताप आला. मासिमांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. ते साठीच्या पुढचे, धोतर नेसणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. आईनं दार उघडलं आणि "या, मुलगी आतल्या खोलीत आहे," एवढं वाक्य हिंदीत सावकाश पुरं केलं. डॉक्टर आत आले, माझी जीभ बघितली, पोट दाबलं, औषध लिहिलं. पण त्यांचं लक्ष सारखं आईकडे जात होतं. ती दाराला टेकून उभी होती, अंगात स्वेटर.

"मा, तुम्हाला थंडी वाजते का?" त्यांनी विचारलं.

"वाजते."

"दिवसात चहा किती होतो?"

आई ओशाळली. "आठ-दहा कप. नाहीतर झोप येते."

त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं, पावलं मोकळी लोंबतील असं बसायला सांगितलं. मग बॅगेतून रबरी हातोडी काढून टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच मारली. पाऊल चटकन उडालं, पण परत यायला त्यानं इतका वेळ घेतला की पलंगावरून मलासुद्धा ते दिसलं. डॉक्टरांनी दुसऱ्या पायावर मारून पाहिलं. तेच झालं.

"मुलीचा ताप चार दिवसांत उतरेल," ते म्हणाले, "पण तुम्हाला मोठ्या इस्पितळात जायला हवं. आपल्या गळ्यात एक ग्रंथी असते. ती शरीराला वेग देते. तुमची ग्रंथी बहुधा काम करेनाशी झाली आहे."

मी बरी झाल्यावर आम्ही तिघं इस्पितळात गेलो. तिथे आईचं रक्त घेतलं. नाकाला चिमटा लावून, तोंडात नळी देऊन तिचा श्वास एका यंत्रावर मोजला. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. परतताना ट्राममध्ये आई खिडकीशी बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. बाबा गडबडले. "अगं, औषध आहे ना त्यावर. घाबरायचं कशाला?"

"घाबरले नाही हो," ती म्हणाली. "मला वाटत होतं मी आळशी झाले. तीन वर्षं रोज सकाळी उठल्यावर ठरवायचे, आज आळस करायचा नाही म्हणून."

मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिकिटाची घडी घालत बसले.

औषधाचा प्रश्न वेगळाच निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांची बाटली दिली तेव्हा आईनं सवयीप्रमाणे विचारलं, "ही कशाची असते?"

"जनावराच्या गळ्यातली तीच ग्रंथी वाळवून केलेली पूड," डॉक्टर म्हणाले. "कुठलं जनावर ते बाटलीवर लिहिलेलं नाही, आणि मी तुम्हाला अंदाज सांगणार नाही. रोज घ्यावी लागेल, जन्मभर."

आमच्या घरात अंडंही येत नसे. मासिमांच्या घरात मासे तळले जायचे तेव्हा आई जिन्याकडची खिडकी लावून घ्यायची. ती बाटली दोन दिवस मिसळणाच्या डब्याशेजारी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "पुण्याला दादांना पत्र टाकून विचारतो. ते वडीलधारे आहेत." दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ.

आई गादीवर बसली होती. सावकाश उठली, पाण्याचा पेला भरला. "आजारी मी आहे," ती म्हणाली. "त्यांना कशाला विचारायचं?" आणि देवघराकडे पाठ करून तिनं गोळी गिळली. त्या दिवसापासून रोज सकाळी तो पेला बाबाच भरून ठेवू लागले.

तीन आठवडे काहीच झालं नाही. मग एका दुपारी मी शाळेतून आले तर पंखा चालू होता. स्वेटर दोरीवर वाळत होता. पुढच्या महिन्यात तिचा आवाज मोकळा झाला, डोळ्यांखालची सूज उतरली. माझी बीजगणिताची वही उघडून तिनं तीन चुका काढल्या आणि पूर्वीसारखी झपझप रागावली. ते रागावणं मला किती गोड लागलं, सांगता येत नाही.

इथंच ती थांबली असती तर बरं झालं असतं. श्रावणात तिनं कुणाला न सांगता दोन गोळ्या घ्यायला सुरुवात केली. चहा होताच, दहा कप, कारण आता झोप येत नसली तरी ती सवय सुटली नव्हती. आम्हाला एवढंच दिसत होतं की ती पहाटे उठून ट्रंका उपसतेय, पितळ घासतेय, पडदे शिवतेय. वजन उतरलं तसं मासिमा तिचं कौतुक करायला लागल्या. हात थरथरायचे, बशीत चहा सांडायचा. एवढ्यातेवढ्यावरून ती बाबांवर तडकायची. झोप दोन-तीन तासांवर आली होती. पण तीन वर्षं झोपलेलं माणूस जागं झालंय, त्याचं काही बिघडलंय असं आम्हाला वाटेना.

दुर्गापूजेच्या आधी माझ्या कपड्यांसाठी आम्ही दोघी एस्प्लनेडला गेलो. तिथल्या गर्दीत ती माझ्या पुढे चालत होती. एका कापडाच्या दुकानासमोर ती एकदम थांबली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. चेहरा घामानं डबडबलेला. तिनं माझा हात स्वतःच्या मनगटावर ठेवला. नाडी कशी बघतात मला माहीत नव्हतं, पण बोटांखाली जे चाललं होतं ते माणसाचं वाटत नव्हतं. एखादी चिमणी मुठीत धरावी तसं.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं आम्हाला आत बसवलं, पंखा लावला आणि समोरून मातीच्या भांड्यातला गरम चहा मागवला. "घ्या दीदी, तरतरी येईल." आईनं भांडं हातात घेतलं, तेवढ्यात मी ते काढून घेतलं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी पाणी मागितलं, त्यानं पाणी दिलं आणि त्याच्या माणसानं आम्हाला टॅक्सी आणून दिली. मी तिला थेट डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी बराच वेळ छाती तपासली. मग विचारलं, "मा, रोज किती घेता?"

"दोन," आई म्हणाली. तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"का?"

"एकीनं एवढं बरं वाटलं. म्हटलं दोन घेतल्या तर गेलेली तीन वर्षं भरून निघतील."

मला वाटलं ते रागावतील. ते खुर्चीत मागे रेलले. "तुमच्या शरीराला जे कमी पडत होतं तेवढंच मी देत होतो," ते म्हणाले. "तेवढं मिळालं की ते औषध. त्याच्या वर गेलं की आधी कमी पडल्याचा एक आजार होता, आता जास्त झाल्याचा दुसरा. काळजाला हा वेग झेपत नाही."

"आणि चहा? तो सोडू का?"

"सोडू नका. त्या तीन वर्षांत तुमच्या घरात स्वयंपाक झाला तो त्याच्या जिवावर. पण त्यानं आजार झाकूनही ठेवला. आता दोन कप पुरे."

आठ दिवस तिला गोळी बंद होती, मग पुन्हा एक सुरू झाली. चहा कमी करणं मात्र तिला गोळीपेक्षा जड गेलं. पहिले काही दिवस तिचं डोकं इतकं दुखायचं की ती ओला रुमाल बांधून बसायची. चिडचिड व्हायची आणि मग ती स्वतःवरच वैतागायची. पूजेच्या सुट्टीत भांडी मी घासली. या वेळी मला राग आला नाही.

हिवाळ्यात मासिमा एकदा वर आल्या. त्यांच्या लेकीचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडच्यांनी ती जाड आहे असं सुचवलं होतं. "तुझ्या त्या गोळ्या थोड्या दे," त्या आईला म्हणाल्या. "तू कशी सडपातळ झालीस. महिनाभर देईन तिला, कुणाला कळणार नाही."

आई त्यांना नाही म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मासिमांनीच आम्हाला डॉक्टर मिळवून दिले होते. पण आईनं त्यांचा हात हातात घेतला. "मासिमा, मी बारीक दिसत होते तेव्हा मरायला टेकले होते," ती म्हणाली. "तुमच्या मुलीची ग्रंथी चांगली आहे. तिला हे विष आहे. हवं तर आपण तिघी रोज तळ्याभोवती फिरायला जाऊ."

मासिमा दुखावल्या. महिनाभर त्या वर आल्या नाहीत. आईनं खाली जाऊन दोनदा दार वाजवलं, दोन्ही वेळा नोकराणीनं त्या झोपल्याचं सांगितलं. तिसऱ्या वेळी ती लेकच बाहेर आली, पायात चपला घातलेली. "काकीमा, चला," ती म्हणाली. दोघी तळ्याकडे निघाल्या. मी गच्चीतून बघत होते. आई पुढे गेली, मग मुलगी मागे पडतेय हे लक्षात येऊन तिनं चाल कमी केली.