त्याला तलाव म्हणू नका

आमच्या गावात तलाव एकच. डोंगराच्या पायथ्याशी, काठावर देऊळ, आणि पाण्यात उतरायला रुंद, बुटक्या पायऱ्या. म्हाताऱ्या बायकाही त्यांवर बसून निवांत पाय धुतात. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, जे दुसरं पाणी आहे, ती जांभ्याच्या चिऱ्यांची सोडलेली खाण आहे. हे मी गेल्या काही महिन्यांत इतक्यांना ओरडून सांगितलंय की बायको म्हणते, "आता झोपेत पण ह्याच बडबडतास."

दिवाळीनंतर बहीण पुण्याहून आली की एक दिवस आम्ही सगळे चालत तलावावर जातो. वडील होते तेव्हापासूनची ही रीत. घराच्या मागून काजूच्या बागेतला चढ, मग सडा, आणि सडा ओलांडून पलीकडे उतरलं की तलाव. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ सोबत. देवळाच्या आवारात जेवायचं, थोडं लवंडायचं, उन्हं कलली की परत. दोन दिवाळ्यांमागे मी कामात अडकलो म्हणून जाणं राहिलं, मागच्या दिवाळीत मात्र सगळे होतो: मी, बायको, बहीण, भावोजी आणि कॉलेजात जाणारी भाची.

सडा पूर्वी सरळ चालत ओलांडता यायचा. आता मधोमध खड्डा आहे. कोणीतरी जागा घेतली, यंत्राने चिरे कापले, चांगला दगड संपला तशी यंत्रं उचलली आणि निघून गेला. कुंपण नाही, पाटी नाही. चिरे काढू नयेत असं मी म्हणत नाही. माझं घर चिऱ्यांचंच आहे. पण आपण खणलेला खड्डा उघडा टाकून जाणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते इथे लिहिता येणार नाही.

पावसाचं पाणी त्यात साचतं, गाळ खाली बसतो, आणि दिवाळीपर्यंत ते निळसर हिरवं दिसायला लागतं. भाची काठावर येऊन थांबलीच.

"मामा, हा तलाव तू कधी दाखवलाच नाहीस!"

"तलाव नाय तो. खाण आसा. मागे सर."

भावोजींनी पिशवी खाली ठेवली आणि शर्टाची बटणं काढायला लागले. ते पुण्यात रोज सकाळी पोहतात. पन्नाशीतही अंग कमावलेलं आहे, ते नाकारत नाही.

"भावोजी, उतरू नका. चारी बाजूंनी सरळ भिंत आहे."

"तू म्हणजे चालता-बोलता सूचनाफलक आहेस बघ," ते हसले. "एकच उडी. बेटा, व्हिडिओ काढ."

बहीण म्हणाली, "अहो, दादा सांगतोय ना." बायकोने माझ्याकडे बघितलं. दंड धरून मागे ओढायला हवं होतं. पण आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याचा दंड धरत नाहीत. त्याला पाट देतात, पहिलं वाढतात, त्याच्या विनोदाला हसतात. हा मान कोणी आणि कशासाठी ठरवला कोण जाणे, पण त्या दिवशी तो माणसाच्या जिवापेक्षा मोठा ठरला. त्यांनी उडी मारली.

पोहले छान. उताणे झाले, हात हलवला, भाची हसली. मग बाहेर यायला काठाशी आले आणि त्यांचा हात भिंतीवरून घसरला. पुन्हा घसरला. कापलेला चिरा, वर शेवाळ. पाण्याच्या वर चिऱ्यांचे सहा थर मोकळे दिसत होते, म्हणजे चार फुटांहून जास्त. पाण्यातला माणूस तितका वर हात नेऊ शकत नाही, आणि खाली पाय टेकायला काही नव्हतं. ते भिंतीच्या कडेकडेने सरकत राहिले. हसू गेलं होतं. मग म्हणाले, "अरे, जरा हात दे." मी पालथा पडून हात खाली सोडला. बोटाला बोट लागेना.

बहीण ओरडायला लागली. बायकोने ओढणी सोडली, तिला गाठ मारली. तीही त्यांच्या ओल्या हातांतून निसटत राहिली. भावोजींच्या तोंडात पाणी जायला लागलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की इथून भरलेले ट्रक वर येत होते. ट्रक भिंत चढत नाही. कुठेतरी उतार असणारच. मी गवतातले चाकांचे जुने चर शोधले. ते पलीकडच्या कोपऱ्यात पाण्यात शिरत होते.

"भावोजी, थंय! त्या कोपऱ्यात! पोवा!" घाबरलो की मी मालवणीतच ओरडतो.

ते कसेबसे तिथवर गेले, आणि कमरेपर्यंत वर आले. पाय टेकले होते. बाहेर येऊन गुडघ्यांवर बसले, ओकले. बोटांची सालं गेली होती. त्या दिवशी आम्ही तलावावर गेलो नाही. घावणे तसेच घरी आले.

आठवड्याने गावातल्या एकाने मला मोबाईल दाखवला. "तुझो भावोजी फेमस झालो रे!" उडी, पोहणं, उताणे होऊन हलवलेला हात. खाली लिहिलेलं: मालवणजवळचा लपलेला तलाव. आणि सड्यापर्यंत यायचा रस्ता. पुढचं सगळं कापलेलं. हजारो लोकांनी बघितलं होतं.

मी फोन लावला.

"भावोजी, तो व्हिडिओ काढून टाका."

"अरे, गावाचं नाव होतंय. पर्यटन वाढेल."

"मग पुढचं पण दाखवा. शेवाळावरून हात घसरलेला दाखवा."

"तू मला बोलतोयस?"

"हो, तुम्हालाच."

त्यांनी फोन ठेवला. बायको मागे उभी होती. "जावयाक असा बोलतत?" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरा केलास."

पुढच्या रविवारपासून गाड्या यायला लागल्या. कोल्हापूरच्या, बेळगावच्या. मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन आलो. "कुंपणाचं बघतो," असं अगदी शुद्ध मराठीत ऐकून परत आलो. मग बायकोला घेऊन सड्यावर गेलो. तुटक्या चिऱ्यांचा ढीग तिथेच पडलेला असतो. त्याचा गडगा रचायला घेतला, आपण बागेभोवती दगडावर दगड ठेवून रचतो तसा. दुपारी एक कुटुंब आलं: आई, बाप, शाळकरी दोन मुली, पोहायची हवा भरलेली चाकं. मी आडवा उभा राहिलो.

"काका, जागा तुमची आहे का?"

"नाही."

"मग? व्हिडिओत तो माणूस मस्त पोहतोय की."

"तो माझा भावोजी आहे," मी म्हणालो. पण बापाने तोवर चप्पल काढली होती.

भाचीने आदल्या रात्री मला तिने काढलेला पूर्ण व्हिडिओ पाठवला होता. सोबत एवढंच: "मामा, बाबांना सांगू नको." मी तो लावून मोबाईल त्या बापाच्या हातात दिला. भिंतीला नखं लावणारा माझा भावोजी त्याने शेवटपर्यंत बघितला. बहिणीचा आवाजही त्यात आहे. त्याने चप्पल पुन्हा घातली आणि मुलींच्या हातातली चाकं काढून घेतली.

मी तिथेच उभा राहून तो भावोजींना पाठवला. भाचीचं नाव घेतलं नाही. पण व्हिडिओ तिनेच काढलेला, त्यांना कळणारच होतं. खाली लिहिलं: "आज दोन मुली आल्या होत्या. तुमचा व्हिडिओ काढून टाका, नाहीतर हा पण सगळ्यांना दाखवा."

संध्याकाळपर्यंत त्यांचा व्हिडिओ गेला होता. फोन आला नाही. नंतर बहिणीचा आला.

"तेंका वायट वाटला रे, दादा."

"वाटांदे."

"चतुर्थीक येवचे नाय म्हणतत."

"येऊक सांग. पाट मांडतंय, पयला वाढतंय. पण जेवचे आधी सड्यार येवचा, आणि चिरे उचलूचे."

ती हसली. भावोजींना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. उडीचा व्हिडिओ मात्र लोकांनी आधीच उतरवून घेतलाय, फिरतोच आहे. गडगा आता छातीपर्यंत आलाय. कोणीतरी दोनदा खिंड पाडली, दोनदा आम्ही बुजवली.