मी गायचे

बायको सध्या इंग्रजीच्या क्लासला जाते. रविवारी मेथी निवडता निवडता तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. दुसऱ्या पातळीचं. मी मराठी वाक्य वाचायचं, तिने इंग्रजीत सांगायचं. आठ बरोबर आली. नववं होतं, ‘मी गायचे.’

“आय वॉन्ट टू सिंग.”

“चूक. ते ‘मला गायचे आहे’चं झालं. हे पूर्वीचं आहे. आय युज्ड टू सिंग.”

“शब्द तर तोच आहे की, अहो.”

खरंच तोच आहे. मराठीत एकाच ‘गायचे’मध्ये जुनी सवय आणि आजची इच्छा शेजारी बसतात. इंग्रजीत दुसऱ्या पातळीवरच त्यांची वाटणी होते. आमच्या घरात ती कधी झाली, हे मात्र सांगता येत नाही. नव्या संसारात ती पोळ्या लाटताना गायची. मी हिशेबाला बसलो की आवाज बारीक करायची. तो पूर्ण बंद झाला, तेव्हा मला फक्त बेरीज लवकर जुळल्याचं जाणवलं असेल.

“म्हण की एखादं,” मी म्हणालो.

तिने मेथीची काडी मोडली. “आता नाही हो येत. तुम्ही पुढचं विचारा.”