तिने फक्त मंगळवार मोजायला नाही सांगितलं

मंडळी, आज आपल्या मंडळाच्या फळ्यावर सुविचाराऐवजी माझी हकिगत वाचा. तिचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

कॉलेज अर्ध्यावर सोडून मी घरच्या आंब्याच्या धंद्यात पडलो. दर मंगळवारी पेट्या घेऊन टेम्पोने रत्नागिरीला जातो. परतताना स्टँडवर ती दिसते, आणि शेजारी तो चष्मेवाला. दर खेपेला! आज माझं डोकंच फिरलं.

"काय गो, रोज याच्याच बरोबर?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"रोज? मेल्या, तू येतोस फक्त मंगळवारी. तेव्हाच आमचा संख्याशास्त्राचा जादा तास असतो. वर्गात पावस गावाकडचे आम्ही दोघंच, म्हणून एसटी एकच. बाकीचे दिवस तू बघितलेस कधी? पेटी घेताना वरचाच थर बघून भाव करतोस काय?"

चष्मेवाला हसत म्हणाला, "सर आज हेच शिकवत होते. सोयीचा नमुना घेतला की अंदाज फसतो."

खालच्या थरात हात घातल्याशिवाय मी सख्ख्या काकाचीही पेटी घेत नाही.

गाडीत चढताना ती म्हणाली, "उद्या बुधवारी येऊन बघ की!"

टेम्पोने घरी परतताना भाट्याच्या खाडीवरच्या पुलापर्यंत मी खूश होतो. पुलावर मनात आलं, पेटी उद्या उघडणार हे ज्याला आधीच ठाऊक, तो खालचा थर नीट लावून ठेवणारच ना?

खरं सांगा मंडळी, उद्या जाऊ, की न सांगता परवा?