तळघरातलं गाणं

मुलीच्या युनिफॉर्मवर इस्त्री फिरवली की स्टार्चचा गरम वास अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटभर पसरतो, आणि मी इथल्याच, मस्कतमधल्या एका हॉटेलच्या तळघरात, लॉण्ड्रीत जाऊन पोहोचतो.

मी तिथे नवा सुपरवायझर होतो. वसईचे पास्कूकाका चादरींना इस्त्री करताना चर्चमधली गाणी म्हणायचे. एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला, तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे विचारतायत, एसीच्या डक्टमधून कोण गातंय? मी काकांवर खेकसलो, "खलास! गाणं बंद. माझी नोकरी घालवाल!"

तेवढ्यात पाहुणेच खाली आले. डेन्मार्कचे वयस्कर गृहस्थ. हसत म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वी आमच्या राजाने एका संगीतकाराला व्हेनिसला शिकायला पाठवलं, आणि परतल्यावर तळघरात वाजवायला बसवलं. सूर नळीतून वर राजाकडे जायचे, माणूस दिसायचा नाही. मी माणूस बघायला आलोय. गाता का पुन्हा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मान डोलावली.

"गळा बसलाय, सर," काका मला म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, चला, मिटलं. त्या दुपारपर्यंत काका मला बाळा म्हणायचे.